गरजवंताचे भाडे

आमच्या गावच्या स्टँडवर, हॉटेलाच्या बाकावर बसून जे वाद चालतात, त्यांतला कोणताही वाद हल्ली एका वाक्याने मिटतो. वाद कांद्याचा असो, कापसाचा असो, मजुरीचा असो की जीपच्या भाड्याचा असो. कोणी तरी शिकलेला मुलगा चहाचा ग्लास खाली ठेवतो आणि म्हणतो, 'मागणी वाढली, पुरवठा कमी पडला, की भाव वाढणारच. अर्थशास्त्राचा नियम आहे.' मग सगळे गप्प बसतात. पूर्वी अशा वेळी म्हातारी माणसे 'ईश्वरेच्छा बलीयसी' म्हणत आणि लोक असेच गप्प बसत. देव बदलला, गप्प बसणे तेवढे बदलले नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आहे. मुलांना गणित आणि मराठी शिकवतो. सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. अर्थशास्त्र ही माझी विद्या नव्हे, आणि ज्यांची ती विद्या आहे त्यांच्याशी झोंबी घेण्याची माझी ऐपतही नाही. पण हे वाक्य एका रात्री मला ऐकावे लागले, आणि तेही माझ्याच एका विद्यार्थ्याच्या तोंडून. तेव्हापासून माझे त्या वाक्याशी भांडण आहे. ते भांडण आज चारचौघांत मांडतो.

गोष्ट वैशाखातली. जिंतूर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात माझी थोरली बहीण राहते. त्या गावच्या शाळेवर मी पूर्वी काही वर्षे होतो. सुट्टी लागली म्हणून चार दिवस तिच्याकडे गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास दाजींच्या पोटात कळ उठली. ओवा झाला, शेक झाला, कळ थांबेना. अंग घामाने भिजले, ओकाऱ्या सुरू झाल्या. गावच्या डॉक्टरने पोटाला हात लावून पाहिले आणि सांगितले, 'वाट पाहू नका. आतड्याला पीळ पडल्यासारखा दिसतो. परभणी गाठा.' सरकारी रुग्णवाहिकेसाठी फोन केला. ती दुसऱ्या रोग्याला घेऊन गेली होती. यात तिचा काही दोष नव्हता. राहिली गावातली भाड्याची वाहने. अशी गावात चार. पण दुसऱ्या दिवशी लग्नाची तिथी दाट. एक गाडी मानवतला, एक सेलूला, एक पाथरीला, अशा तीन गाड्या वऱ्हाड घेऊन आदल्या दिवशीच गेलेल्या. चौथी दारात उभी होती. तिचा मालक माझ्या हाताखालून गेलेला मुलगा.

एरवी तो परभणीचे जाऊन-येऊन दोन हजार घेतो. त्या रात्री त्याने पाच हजार सांगितले.

मी म्हणालो, 'अरे, माणूस तळमळतो आहे. आणि तू मला पाच हजार सांगतोस?'

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, 'गुरुजी, पहाटं चारला नवरदेवाची गाडी सांगितलेली हाय. इसार घेतलाय. तुमच्यासंगं आलो तर ते भाडं जातं, आन् पुढच्या सालची गिऱ्हाइकीबी जाती. ह्या तिथीला बाहेर लोक सात-सात मागतेत. मागणी-पुरवठा हाय हा, गुरुजी. नफा-तोट्याची गणितं तुम्हीच शिकवली ना?'

बहिणीने डब्यातून बियाण्यासाठी बांधून ठेवलेले पैसे काढून दिले. आम्ही निघालो. दाजींची शस्त्रक्रिया पहाटे झाली आणि ते वाचले. पुढे मृग निघाला तेव्हा बहिणीने सोयाबीनचे बी उधारीवर आणले. उधारीचा भाव वेगळा असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्या एका रात्रीचे जास्तीचे तीन हजार रुपये पुढे वर्षभर त्या घरात कर्ज होऊन राहिले.

वाचक म्हणतील, मास्तर आता जीपवाल्यांना शिव्या देणार. नाही. ते सोपे काम आहे आणि ते पुष्कळ लोक करतात. राग शांत झाल्यावर मी त्या मुलाकडे गेलो आणि त्याची वही मागितली. त्याने ती संकोच न करता दिली. गाडी कर्जावर घेतलेली. महिन्याच्या महिन्याला हप्ता. विमा, परवाना, पासिंग. टायर. डिझेल. आमच्या डोंगराकडच्या रस्त्याने गाडीचे पाटे मोडतात त्याचा खर्च निराळा. आणि जमेच्या बाजूला? आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्ने नाहीत. त्या चार महिन्यांत वहीची पानेच्या पाने कोरी. एखादे दवाखान्याचे भाडे, एखादे कोर्टाचे, एखादी नर्सी-औंढ्याची यात्रा. कमाईचे दिवस म्हणजे कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या तिथी. लग्नाला चातुर्मास असतो, हप्त्याला नसतो. त्या मुलाने तिथीच्या दिवशी दोन हजारच घ्यावेत असे मी म्हटले, तर भाद्रपदात त्याच्या दारातून गाडी ओढून नेतील तेव्हा मी काही त्याच्यासाठी उभा राहणार नाही. तो लुटारू नव्हे. वर्षाचा खर्च साठ-सत्तर दिवसांत काढावा लागतो अशा धंद्यात सापडलेला तो एक माणूस आहे.

मग माझे भांडण कोणाशी? सांगतो.

जिल्ह्याच्या गावच्या ग्रंथालयातून मी दोन पुस्तके आणवली आणि जमेल तशी वाचली. अ‍ॅडम स्मिथचे १७७६ सालचे आणि आल्फ्रेड मार्शलचे १८९० सालचे. ज्याच्या नावाने आपण हा नियम सांगतो त्याने तो कसा सांगितला हे पाहावे, एवढाच हेतू. मार्शलने मागणी आणि पुरवठा यांना कात्रीच्या दोन पात्यांची उपमा दिली आहे. कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, हा वाद व्यर्थ आहे असे तो म्हणतो. आपले विद्वान एवढेच वाचतात. पण त्याच ग्रंथात पुढे त्याने काळाचा विचार केला आहे आणि त्यासाठी मासळीचे उदाहरण घेतले आहे. आज बाजारात मासळी कमी आली, तर आजच्या आज समुद्रातून जास्त मासळी येणार नाही. आजचा भाव आहे तेवढ्या मासळीवर आणि घेणाऱ्याच्या गरजेवर ठरेल. मागणी वर्ष-दोन वर्षे टिकली तर जुन्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतील. ती पिढीभर टिकली तर नवी माणसे कोळ्याच्या धंद्यात येतील. म्हणजे नियम एकच असला तरी त्याचे काम घटकेला वेगळे, वर्षाला वेगळे आणि पिढीला वेगळे.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. वाढलेला भाव पुरवठा वाढवतो हे खरे आहे, पण त्याला वेळ लागतो. आमच्या बहिणीच्या गावात पूर्वी एकच जीप होती, आज चार वाहने आहेत. ती तिथीच्या भाड्याच्या लोभानेच आली, हे मी नाकारीत नाही. परंतु रात्री अकरा वाजता, चारांतली तीन वाहने परगावी असताना, भाव पाच हजारांवर गेला काय आणि पन्नास हजारांवर गेला काय, गावात पाचवी जीप उगवणार नाही. त्या घटकेला वाढलेला भाव माल आणीत नाही. तो फक्त माणसे चाळतो. ज्याच्या डब्यात बियाण्याचे पैसे आहेत तो चाळणीवर राहतो, ज्याच्या डब्यात तेही नाहीत तो खाली पडतो. आणि या चाळण्याला आपण शास्त्र म्हणतो!

इथे एक चतुर माणूस मला अडवील. तो म्हणेल, 'मास्तर, पाच हजारांनी पाचवी जीप आली नसेल, पण चौथी तर हलली? नवरदेवाचे भाडे सोडून तो मुलगा तुमच्याबरोबर आला तो त्या तीन हजारांसाठीच. त्याला दोनच हजार मिळणार असते तर त्याने दारच उघडले नसते.' हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मनापासून मान्य करतो. त्या मुलाचे नुकसान झाले होते आणि ते भरून निघायला हवे होते. माझे म्हणणे त्याच्यापुढचे आहे. ते तीन हजार त्याला मिळाले यात अन्याय नाही. ते दाजींच्या खाटेवरून मिळाले यात अन्याय आहे. भाड्याचा प्रश्न नेहमी 'किती' असा विचारला जातो. तो 'कोणी द्यायचे' असा विचारला पाहिजे.

हा प्रश्न असा विचारला, की मग पाहावे लागते की ती टंचाई आली कोठून. मागणी आणि पुरवठा ही काही पाऊस आणि वारा यांच्यासारखी आकाशातून येत नाहीत. दोन्ही माणसाने केलेली असतात.

मागणी घ्या. त्या दिवशी आमच्या तालुक्यात एकाएकी इतक्या मोटारी का लागल्या? लोकसंख्या एका रात्रीत वाढली नव्हती. पंचांगात तिथी होती. एकाच दिवशी, जवळजवळ एकाच मुहूर्तावर, शेकडो घरांना नवरदेव मिरवायचा होता. आणि एका घराला एक मोटार पुरत नाही. नवरदेवाची वेगळी, करवल्यांची वेगळी, मामाची वेगळी, पाहुण्यांसाठी दोन क्रूझर, आणि गावातले पुढारी येणार म्हणून एक पांढरी मोठी गाडी, जिच्यात कोणी बसत नाही, ती नुसती मांडवापुढे उभी राहते. मुलीच्या बापाने त्यासाठी शेत गहाण टाकलेले असते. ही मागणी गरजेची नव्हे, हौसेची आहे. आणि पुष्कळदा हौसेचीही नव्हे, लाजेची आहे. शेजाऱ्याने पाच गाड्या केल्या म्हणून आपण सहा करायच्या. हौस करू नये असे मी म्हणत नाही. आमच्याकडे वर्षभर करण्यासारखे दुसरे असते काय! पण हौसेची मागणी आणि पोटातल्या कळेची मागणी एकाच तराजूत टाकून, दोन्हींची बेरीज करून, त्या बेरजेवरून जो भाव निघतो तो कळ आलेल्या माणसाकडून घ्यायचा, हे कोणत्या गणितात बसते? हौस थांबू शकते. ती पुढची तिथी धरू शकते, एक गाडी कमी करू शकते, एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर घेऊन सगळे वऱ्हाड एकत्र नेऊ शकते. कळ थांबू शकत नाही. आपल्याकडे म्हणतात, गरजवंताला अक्कल नसते. माझा अनुभव उलट आहे. गरजवंताला अक्कल चांगली असते. त्याच्याजवळ वेळ नसतो.

आता पुरवठा. जीपचे भाडे जीपांच्या संख्येवर ठरते असे आपण समजतो. खरे पाहता ते एस.टी.वर ठरते. ज्या गावाला संध्याकाळची मुक्कामी बस आहे त्या गावचा जीपवाला नम्र असतो. ज्या गावची बस बंद झाली तिथला जीपवाला आपोआप ताठ होतो. स्वभाव तोच, बस गेलेली. आपल्या आधीच्या लोकांना हे नीट समजले होते. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस मोटारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये पहिली एस.टी. धावली. निजामाचे राज्य गेले, मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण रस्त्यावरचा उतारू निव्वळ मोटारमालकाच्या मर्जीवर सोडू नये, हा विचार दोन्हीकडे एकच होता.

तो विचार मागे पडला की काय होते, हे आपण नुकतेच पाहिले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी.च्या कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कामगारांची मागणी विलीनीकरणाची होती. तिच्या योग्यायोग्यतेत मी इथे शिरत नाही. संप सुरू झाल्यावर सरकारने खासगी बसगाड्यांना, शाळांच्या बसगाड्यांना, इतकेच काय मालवाहू वाहनांनाही उतारू नेण्याची मुभा दिली. म्हणजे पुरवठा मोकळा केला. आमच्या रस्त्यावर काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. वीस रुपयांची जागा चाळीसची झाली, आणि जीप भरल्याशिवाय हलेना. ज्यांना सगळी गाडी भाड्याने हवी त्यांना ती मिळेना, कारण जागा विकण्यात मालकाला जास्त सुटू लागले. माझ्या वर्गातल्या मुलींना एस.टी.चा मोफत पास होता. तो दप्तरात तसाच राहिला. जीपवाल्याला पास चालत नाही. रोज येऊन-जाऊन ऐंशी रुपये कोणता मजूर मुलीच्या शिक्षणासाठी देईल? मुलगा सायकलवर आला. मुलगी घरी राहिली. माझ्या हजेरीपटावर त्या महिन्यांतल्या मुलींच्या नावांपुढे जे शून्य आहे ते मागणी-पुरवठ्याच्या नियमाने काढलेले शून्य आहे. त्यांतल्या दोघी संप मिटल्यावरही परत आल्या नाहीत. त्यांची लग्ने ठरली होती. त्यांच्या वऱ्हाडाला मात्र गाड्या मिळाल्या.

राज्य सरकारने २०१८ मध्ये एक चांगला निर्णय केला होता, की खासगी कंत्राटी बसने त्याच अंतराच्या एस.टी. भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये. कागदावर तो आजही शोभून दिसतो. पण दीडपट कशाची? समोर एस.टी. उभी असेल तर दीडपटीला अर्थ. एस.टी.च नसेल तर दीडपट मोजायची कोणी आणि उतारूने भांडायचे कोणत्या बळावर? शिवाय एस.टी.नेही हा मोह अगदीच टाळला आहे असे नाही. २०२२ आणि २०२३ च्या दिवाळीत तिनेही गर्दीचे दिवस म्हणून दहा टक्के भाडे वाढवले होते. माहेरी निघालेल्या बायका ही तिच्या लेखी 'हंगाम' झाली. जिने बाजाराला आवरायचे, तीच बाजाराची भाषा बोलू लागली, तर जीपवाल्याला आपण काय सांगावे?

कोणी म्हणेल की भाव हे बाजारावरच सोडावे लागतात, सरकारला त्यात हात घालता येत नाही. हे म्हणणे मला मुळीच पटत नाही, कारण सरकार हात घालते. फक्त कोणासाठी घालते ते पाहण्यासारखे आहे. करोनाच्या टाळेबंदीनंतर मे २०२० मध्ये विमाने पुन्हा उडू लागली, तेव्हा केंद्र सरकारने विमानभाड्याला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा घातल्या, आणि त्या ऑगस्ट २०२२ पर्यंत चालू ठेवल्या. डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द झाली आणि उरलेल्या विमानांचे भाडे आकाशाला भिडले. तेव्हा काही दिवसांतच सरकारने ठरवून दिले, की ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजारांहून अधिक घेऊ नये. त्या दिवशी मागणी-पुरवठ्याचा नियम कुठे गेला होता? कोणा अर्थशास्त्रज्ञाने उपास केल्याचे ऐकिवात नाही. मुंबईत टॅक्सीला मीटर आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या टप्प्याचे एकतीस रुपये ठरले, ते पाऊस असो की गणपती असो. मोबाइलवरून बोलावतात त्या मोटारींना केंद्राने २०२० मध्ये मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली आणि २०२५ मध्ये ती दुपटीपर्यंत वाढवली. दुप्पट हीसुद्धा काही थोडी गोष्ट नव्हे; पण निदान एक रेघ आहे. आमच्या जिंतूर-पालम-सोनपेठकडच्या जीपपुढे कोणती रेघ आहे? ती ना मीटरवर चालते, ना मोबाइलवरच्या कंपनीत नोंदलेली. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असे आपण छाती काढून म्हणतो. जर्मनी राहू द्या. मुंबईच्या टॅक्सीत बसणाऱ्याला जेवढे संरक्षण आहे तेवढे परभणीच्या खाटेवरच्या रोग्याला असावे, एवढेच माझे मागणे आहे.

कायद्यात त्यासाठी जागा नाही असेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमाने राज्य सरकारला भाड्याची किमान आणि कमाल मर्यादा ठरविण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यात कंत्राटी वाहनेही येतात. करोनाच्या दिवसांत रुग्णवाहिकांचे मालक मनाला येईल ते मागू लागले, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की रुग्णवाहिकेचे वाजवी भाडे ठरवून द्या. रोग्याच्या वाहनाचे भाडे बाजारावर सोडायचे नसते, हे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने एकदा मान्य केले आहे. मग खेड्यात, जिथे गावची जीप हीच रुग्णवाहिका असते, तिथे हे तत्त्व लागू का पडू नये? गाडीवर निळा दिवा नाही म्हणून आतल्या माणसाची कळ कमी होते काय?

तरीही नुसता हुकूम काढून भागणार नाही, हे मला कळते. उद्या जिल्हाधिकाऱ्यांनी फलक लावला, की रोग्याला इतक्याच रुपयांत न्यावे, तर तिथीच्या रात्री जीपवाला दार लावून झोपेल, नाही तर गाडी नादुरुस्त आहे म्हणेल. खासगी पाट्यांच्या ज्या गाड्या आज चोरून भाडी मारतात त्या आणखी चोरून मारतील. भावाला झाकण घालायचे आणि मालाची सोय करायची नाही, हा शहाणपणा आपण रेशनच्या काळ्या बाजारात भोगला आहे. म्हणून झाकण आणि सोय दोन्ही एकदम हवीत. आणि सोय करायला मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही; गावात करता येते.

माझी योजना साधी आहे. गावात चार वाहने असतील तर त्यांची पाळी लावावी. दर रात्री एका वाहनाने गावात थांबायचे, तिथी असो वा नसो. त्या रात्री ते वाहन वऱ्हाडाला जाणार नाही. रोग्याला, बाळंतिणीला, सर्पदंशाला ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेल्या दराने जाईल. हा दर मालकांना समोर बसवून ठरवावा; त्यात डिझेल आले, हप्ता आला, रात्रीचे जागरणही आले. आणि ज्याची पाळी असेल त्याला, गाडी हलो वा न हलो, थांबण्याचे पैसे मिळावेत. हे पैसे कोठून? लग्नघरांतून. दाट तिथीला जो गावची वाहने वऱ्हाडासाठी अडवतो, त्याने प्रत्येक वाहनामागे थोडी रक्कम गावच्या पेटीत टाकावी. मांडवापुढे रिकामी उभी राहणारी पांढरी मोटार ज्याला परवडते, त्याला हे जड जाणार नाही. ज्याच्या हौसेने टंचाई झाली त्याने टंचाईची किंमत द्यावी. यात अर्थशास्त्राचा कोणताही नियम मोडत नाही. मागणीही राहिली, पुरवठाही राहिला, जीपवाल्याला त्याचे मोलही मिळाले. फक्त ते बियाण्याच्या डब्यातून आले नाही.

एस.टी.कडे मागायच्या गोष्टी दोनच. खेड्याच्या मुक्कामी गाड्या बंद करू नका, आणि प्रासंगिक कराराची बस गरीब वऱ्हाडाला हेलपाटे न घालता मिळू द्या. एक बस लग्नाला गेली तर चार जीपा गावात राहतात. हे गणित सातवीच्या मुलाला समजते. ते वरच्या कचेरीत का समजू नये, याचे मला नवल वाटते. आणि आपल्या स्वतःकडे मागायची गोष्ट एक. पंचांगात एका वर्षात पुष्कळ तिथी असतात. सगळ्या तालुक्याने एकीवरच उडी घेतली पाहिजे असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. ज्यांच्या मुलामुलींनी नोंदणी करून साधेपणाने लग्ने केली त्यांचे संसार मोडल्याचे मी पाहिलेले नाही, आणि सहा गाड्यांच्या मांडवातले संसार मोडलेले पाहिले आहेत.

दसऱ्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे पुन्हा गेलो होतो. त्या मुलाला मी ही सगळी योजना सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली. त्या रात्रीबद्दल आम्ही दोघेही काही बोललो नाही. उठताना तो म्हणाला, 'गुरुजी, पाळी लावा. पहिली रात माझी लिहा. पण थांबायचे पैसे कोण देणार ते आधी गावात बसून ठरवा. न्हाई तर पुन्हा माझ्याच दारात येताल आन् पुन्हा मलाच बोलताल.'

त्याचे म्हणणे रास्त आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतील, नव्या पंचांगातल्या तिथी पुजाऱ्याकडे पाठ होतील आणि गाड्यांचे इसार दिले जातील. जे काही ठरवायचे ते त्याच्या आत ठरवले पाहिजे. मी भाऊबिजेला बहिणीकडे जाणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर बसायला दाजींनी चार जणांना सांगून ठेवले आहे.